'तात्पर्य काय?' विचारलं की पोरं गप्प

प्रश्न : बाई, सा. न. मी तिसरीला शिकवते. वर्गात बत्तीस मुलं आहेत. शनिवारचा शेवटचा तास मी 'मी काय वाचलं' यासाठी राखून ठेवलाय. हजेरीच्या नंबराप्रमाणे चार मुलं पुढे येतात आणि पुस्तकाबद्दल बोलतात. सुरुवातीला मला फार हौस होती, आता मलाच तो तास नकोसा झालाय. सगळ्यांचं ठरलेलं : "मी अमुक पुस्तक वाचले. मला ते खूप आवडले. त्यातून नेहमी खरे बोलावे हा बोध मिळतो." दोघीतिघी घरून लिहून दिलेलं पाठ करून येतात. एका मुलाच्या तर नंबर आला की हमखास पोटात दुखतं. चांगलं बोलेल त्याला तारा मिळतो, भिंतीवर ताऱ्यांचा तक्ता लावलाय, तरी काही फरक नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : पोटात दुखणाऱ्यापासूनच सुरुवात करू, कारण तो माझ्याही वर्गात होता.

मी एकतीस वर्षं पहिली ते चौथीला शिकवलं आणि त्यातली निदान दहा-बारा वर्षं तुम्ही करताय तेच केलं. माझ्याकडे ताऱ्यांऐवजी वही होती, एवढाच फरक. वहीत चार रकाने : पुस्तकाचं नाव, लेखक, मुख्य पात्रं, तात्पर्य. रकाने पट्टीने आखून घ्यायचे, हा माझा आग्रह! एका वर्षी शेवटी वह्या तपासायला बसले तेव्हा लक्षात आलं, की कपाटातली एक सोळा पानी गोष्ट वर्गातल्या एकोणीस जणांनी 'वाचली' होती. जाऊन पाहिलं, तर कपाटातलं सगळ्यात पातळ पुस्तक तेच होतं. पोरांनी हिशेब अगदी बरोबर केला होता. चार रकानेच भरायचे, तर जाड पुस्तक कोण घेईल?

त्याच वर्षी तो पोटात दुखणारा होता. उभं केलं की मान खाली, बोटं सदऱ्याच्या शेवटच्या गुंडीवर. पावसाळ्यात एकदा मधल्या सुट्टीत तो आपणहून माझ्या टेबलापाशी आला. तळहातावर गांडूळ. म्हणाला, "बाई, याला डोळे नाहीत. मग उजेडात ठेवलं की हा पळतो कसा?" मला खरंच ठाऊक नव्हतं. एरवी मी काहीतरी ठोकून दिलं असतं, पण तो किडा हजेरीपटावर उतरायच्या बेतात होता आणि मी गडबडले होते. तोंडून खरं तेच गेलं, "मला नाही माहीत रे. तुला सापडलं तर मला सांग."

दोन दिवसांनी तो पुस्तक घेऊन धावत आला. खूण म्हणून पानात बोट घातलेलं. "बाई, कातडीला! त्याच्या कातडीलाच उजेड कळतो!" मग तो नळावर गेला आणि पाणी प्यायला उभ्या असलेल्या रांगेला त्याने तेच सांगितलं, दोनदा, कारण मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. ते पुस्तक पुढे कित्येक वर्षं कपाटात होतं. त्या पानाच्या कोपऱ्यात चिखलाचा अंगठा उमटलेला.

हा मुलगा काही धीट वगैरे झाला नव्हता. पुढच्या शनिवारी त्याचं पोट पुन्हा दुखलंच. पण नळावर ऐकणाऱ्यांना गांडुळाची ती गोष्ट माहीत नव्हती आणि हवी होती. तुमच्या शनिवारच्या तासाला तसं कोण आहे? पुस्तक तुम्ही वाचलेलं असतं, हे मुलाला माहीत असतं. बाकीची अठ्ठावीस मुलं घंटेकडे कान लावून असतात. सांगणाऱ्याच्या समोर ऐकणारा नाही, परीक्षक आहे. परीक्षकाला आपण सगळेच 'मला ते खूप आवडले' हेच सांगतो.

आणखी एक, हिशेबाची बाब. बत्तीस मुलं, आठवड्याला चार. म्हणजे एकाची पाळी आठ आठवड्यांनी! बोलायची सवय अशी लागत नाही.

तेव्हा आधी त्यांना पुढे बोलावणं बंद करा. जोड्या करा. एकाने वाचलेलं दुसऱ्याने वाचलेलं नसावं, एवढंच बघा. आधी एखादा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून आठवायचं, मग जोडीदाराला सांगायचं, मग ज्याला वाटेल त्याने वर्गाला. ही रीत फ्रँक लायमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८१ साली मांडली. जगभरच्या शाळांतून चालते, कारण तिला खडूसुद्धा लागत नाही. पाच मिनिटांत बत्तीसच्या बत्तीस मुलं बोलून होतात. गोंगाट होईल. होऊ द्या. शेजारच्या वर्गातल्या बाईंना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर तुमचं वाचन आणि त्यांचं गणित यांचं भांडण लागेल. वर्गाला सांगताना मी एक गंमत करायचे : स्वतःचं नाही, जोडीदाराचं सांगायचं. "हिने वाचलं की…" स्वतःबद्दल बोलताना जे मूल आखडतं ते दुसऱ्याबद्दल सुटतं, आणि मुख्य म्हणजे त्याआधी त्याला नीट ऐकावं लागतं.

'बोध काय' हा प्रश्न वर्षभरासाठी कुलपात ठेवा. त्याऐवजी साधं विचारा. कुठे हसू आलं? कोणता शब्द अडला? कुठे कंटाळा आला? हा शेवटचा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. कंटाळा आला असं बाईंना सांगायचं असतं? मग एक हात वर झाला आणि त्यामागून दहा. त्या दिवशी मुलं पुस्तकाबद्दल जेवढं बोलली तेवढी आधी कधी बोलली नव्हती, कारण नावडतं सांगताना 'का' हे आपोआप येतं.

विचारल्यावर थांबा. हे वाटतं तितकं सोपं नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी वर्गातल्या तासांचं ध्वनिमुद्रण करून तपासलं होतं. त्यांचा लेख १९७४ सालचा. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात, असं त्यांना आढळलं. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी मागे राहणारी मुलंही बोलू लागली. मी हे वाचलं तेव्हा मला राग आला होता, मी काही इतकी उतावीळ नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी टेबलाखाली बोटं मोडत मोजायला लागले, तर दुसऱ्या बोटापर्यंतही पोचत नव्हते.

आता तारे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा बालवाडीतल्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ही सगळी मुलं स्केचपेननं आवडीनं चित्रं काढणारी. त्यांतल्या काहींना सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. ते मिळालं. पण एक-दोन आठवड्यांनी स्केचपेनं नुसतीच पुढ्यात ठेवली तेव्हा ही मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रात रमली. ज्यांना काहीही न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिलं होतं त्यांची आवड मात्र टिकून होती. तेव्हा कौतुक करा, पण त्याचा सौदा करू नका. तक्ता मात्र उद्याच उतरवू नका. ज्याचे दोन तारे कमी आहेत तो जीव तोडून लागलेला असतो. सुट्टी लागू द्या. नव्या सत्रात तो नसलाच तर कुणी विचारणारही नाही.

पाठ करून येणाऱ्यांना रागावू नका, घरच्यांनाही बोलावू नका. नुसतं म्हणा, "तुला आवडलेलं चित्र काढून दाखव बरं पुस्तकातून." चित्रावर बोट ठेवलं की हातातला कागद आपोआप खाली जातो.

आणि तुमच्या पोटदुख्याला बोलायला लावायची घाई नको. माझ्या कपाटात प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या आवरणाला आतून एक पाकीट चिकटवलेलं होतं. वाचणाऱ्याने हवं तर चिठ्ठी टाकायची, पुढच्याने ती वाचायची. नाव लिहायची सक्ती नाही. मी माझ्यावर एकच बंधन घातलं होतं : चिठ्ठीला लाल शाई लावायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा कितीही खून पडलेला असो. (हात शिवशिवायचा, खोटं कशाला बोलू.) एक चिठ्ठी अजून आठवते. 'पान १४ कूत्र्याला ५ पाय आहेत मोजा.' आठवडाभर त्या पुस्तकासाठी रांग लागली. चित्रकाराने शेपूट जरा जाड काढली होती.

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी डायनासोरची पुस्तकं वाचते आणि मी कामावरून आलो की दारातच सुरू होते. थांबतच नाही. मी हं हं करतो. बरं, सांगते त्यात चुकाही असतात. परवा टी-रेक्स आणि स्टेगोसॉरसची मारामारी रंगवून सांगितली. ते दोघे एकाच काळातले नव्हते ना? सुधारावं का?

उत्तर : अहो, नव्हतेच. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि टी-रेक्स ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे टी-रेक्स स्टेगोसॉरसला जितका जवळचा, त्याहून तुम्हाला जवळचा. इतकी झकास गोष्ट तुम्ही एका वाक्यात सांगून संपवणार? "ते दोघं कधी भेटले असतील का गं? तुझ्या पुस्तकात त्यांचं साल लिहिलंय का कुठे?" असं विचारा आणि तिला शोधू द्या. सापडलं की दारात तुम्हाला नवीन भाषण ऐकावं लागेल, ती जबाबदारी माझी.

हं हं मात्र बंद करा. मुलांना तो खोटा हुंकार लगेच ओळखू येतो आणि काही महिन्यांनी ती सांगायची थांबतात. मग आपणच म्हणतो, हल्ली ही काही बोलतच नाही. त्यापेक्षा सरळ सांगा, "आत्ता डोकं चालत नाहीये, हातपाय धुऊन आलो की दहा मिनिटं फक्त तुझी." आणि ती दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

एक काम माझ्याकडून. स्टेगोसॉरसच्या पाठीवर त्या उभ्या तबकड्या असतात ना, त्या कशासाठी असतील यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तिला काय वाटतं ते विचारा आणि पुढच्या पत्रात मला कळवा.