ठेकेदारानं पैसे घेऊन घराचं काम अर्धवट सोडलं, कायद्यानं काही करता येते का?

हो भाऊ, करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधी घर बांधणं ही 'सेवा' धरली आहे, त्यामुळं पैसे घेऊन काम सोडलं, नाहीतर छपाई (प्लास्टर) दोन महिन्यांत पोपडे धरून पडली, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकता येते. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे तुम्ही यवतमाळचे अन ठेकेदार अमरावतीचा असला तरी तुमची केस यवतमाळलाच चालते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असंल तर फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. फक्त २ वर्षांच्या आत टाका. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून पाहा, कधीकधी तिथूनच निपटते.

पण खरी अडचण पुराव्याची असते. आमच्या घरी स्लॅबचं काम तोंडी ठरलं, बाबांनी कापूस विकून आलेले सगळे पैसे नगदी दिले, चिठ्ठी नाही, सही नाही, आणि मृगाच्या पहिल्याच पाण्यात स्वयंपाकघरात पंख्याच्या हुकाजवळून धार लागली. आई रात्रभर धारेखालचा गंज (पातेलं) बदलत होती. ठेकेदार म्हणे मी एवढे घेतलेच नाही! म्हणून सांगतो, ओळखीचा असला, नात्यातला असला तरी फुटाचा भाव, सिमेंट कोणतं, काम कधी संपणार हे लिहून दोघांच्या सह्या घ्याच, पैसे फोन पे नाहीतर चेकनं, तेही काम सरकेल तसे. तुमचं काम आता अडलंच आहे तर आजच फोटो-व्हिडिओ काढा, व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका, अन १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा.