पॉलिशच्या नादात रंग गमावू नका

रंगपंचमी होऊन ऊन तापू लागले की इंदूरात गाड्या चकचकीत करून घ्यायची घाई सुरू होते. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न झालेल्या नुकसानीचे आहेत, आणि ते नुकसान धुताना, पुसताना, पॉलिश करतानाच झालेले आहे. म्हणून आज फक्त तेवढ्यावर बोलू.

प्रश्न (लोकमान्य नगर): गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी आमची काळी गाडी मल्हारगंजात नातेवाइकांच्या दारात उभी होती. गुलालाचा जाड थर बसला. मुलाने तो कोरड्या फडक्याने पुसून काढला. आता उन्हात बॉनेटभर बारीक गोल रेघा दिसतात. त्या जातील का? दाराच्या रबरावर गुलाबी डाग राहिला आहे, त्याला थिनर लावू का?

थिनर अजिबात नको. त्याने रबर फुगते, शेजारचा रंग मऊ पडतो, आणि थेंब हेडलाइटवर उडाला तर त्या प्लास्टिकला जाळीदार तडे जातात. रबरावर शाम्पूचे पाणी आणि मऊ ब्रश फिरवा. तरी फिकट छटा उरली तर उरू द्या, ऊन ती हळूहळू खाईल.

रेघांचे सांगतो. त्या गोल दिसतात, पण असतात सगळ्या दिशांना गेलेल्या. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून जाळे गोल भासते. गुलाल हाताला मऊ लागतो, पण त्यात रस्त्यावरची धूळ आणि वाळूचे कण मिसळलेले असतात, आणि कोरडे फडके ते कण दाबून फिरवते. बहुतेक रेघा वरवरच्या असतात आणि बारीक पॉलिशने जातात. नखाला अडकते ती रेघ मात्र खोल आहे, तिच्या मागे लागू नका.

पुढच्या वर्षी गाडीला हात लावण्याआधी पाइप घ्या. छतापासून सुरुवात करून भरपूर साधे पाणी नुसते वाहू द्या. पाणी निवळ उतरू लागले की शाम्पू, दोन बादल्या: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडके खंगाळायचे पाणी. आतल्या सीटवर गुलाल पडला असेल तर आधी व्हॅक्यूम. ओले फडके लावले की रंग कापडात मुरतो. एसीचा केबिन फिल्टरही काढून बघा.

प्रश्न (सुदामा नगर): एका वर्कशॉपमध्ये बॉनेटवरचा ओरखडा काढायला गाडी दिली. परत आली तेव्हा बॉनेटच्या कडेला बोटभर लांब पांढुरका पट्टा होता. कारागीर म्हणतो, पुन्हा बफिंग मारून जुळवून देतो. देऊ का?

देऊ नका. तिथे आता पॉलिश करण्यासारखे काही शिल्लक नाही. पांढुरके दिसते तो खालचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर आहे. फिरवाल तितका पट्टा रुंद होईल. उपाय एकच, पुन्हा रंग. आणि तो खर्च काम करणाऱ्याने सोसावा असे तुम्ही ठामपणे म्हणू शकता.

हे का घडते ते प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असावे. कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्याच्या वर सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रंग असतो. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला आपण क्लिअर म्हणतो, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा. डोक्याचा केस त्याहून जाड असतो. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणे नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर घासून सपाट करणे. दर वेळी काही मायक्रॉन कायमचे जातात. हा थर उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षण करतो, म्हणून दर दिवाळीला रबिंग मारून घेणाऱ्यांच्या गाडीचे छत काही उन्हाळ्यांनी पापुद्रे सोडू लागते. मला याचे फार वाईट वाटते, कारण ती माणसे गाडीवर प्रेम करणारीच असतात.

कडेला धोका दुप्पट. ओला रंग कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे तिथे थर मुळातच पातळ. वर पॅडचा सगळा दाब त्या अरुंद रेषेवर येतो. एकाच जागी गरगर फिरणारे रोटरी मशीन तिथे दोन-चार सेकंद रेंगाळले तरी पुरे. प्लास्टिकच्या बंपरवर तर आणखी सांभाळावे: पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती जागच्या जागी धरून ठेवते.

काम द्यायच्या आधी विचारा. कडा, बॉनेटच्या उंच रेषा आणि लोगो यांना मास्किंग टेप लावणार का? रंगाची जाडी मीटरने मोजणार का? मीटर एखाद्या दारावर 200 मायक्रॉनच्या बरेच वर गेला तर ते पॅनेल पुन्हा रंगवलेले असू शकते. हजाराच्या घरात गेला तर खाली लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी भरलेली असणार. पण जास्त आकडा म्हणजे निर्धास्तपणा नव्हे. मीटर एकूण जाडी सांगतो, त्यात क्लिअर किती हे सांगत नाही. नेहमीचा मीटर प्लास्टिकवर चालतही नाही. म्हणून आधी हातभर जागेत सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड लावून बघावे, जमले नाही तरच एक पायरी वर जावे. जो थेट जाड कंपाउंड (खरखरीत पॉलिश) आणि लोकरीचे पॅड काढतो त्याच्याकडून गाडी परत आणा.

नव्याने रंगवलेल्या बॉनेटवर लगेच मेण किंवा कोटिंग चढवू नका. रंगाच्या कंपनीने दिलेली मुदत पेंटरला विचारा आणि ती पाळा.

प्रश्न (तिलक नगर): बोअरच्या पाण्याने गाडी धुते. काचेवर, रंगावर पांढरे ठिपके पडलेत. दुकानदाराने चाके साफ करायचे ॲसिड दिले आहे. वापरू का?

ताई, ते परत करा. चाकांच्या काही ॲसिडांत काच कोरणारी रसायने असतात. काच कायमची धुरकट होते आणि हातांनाही गंभीर इजा होते. माळव्यातल्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी जड असते, थेंब वाळला की क्षार उरतात. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, सावलीत, गार पत्र्यावर ओले फडके एक-दोन मिनिटे ठेवा, लगेच धुवा, मग शाम्पू. तरीही ठिपका राहिला तर तो रंगात कोरला गेला आहे, तिथे जाणत्या हाताचे पॉलिशच लागेल. शेवटची धुवणी तरी नर्मदेच्या नळाच्या पाण्याने करा आणि पाणी वाळायच्या आत मायक्रोफायबरच्या मऊ फडक्याने टिपून घ्या.

प्रश्न (छत्रीबाग): प्रेशर पंपाने इंजिन धुवावे का? काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पॉलिशचे पांढरे डाग पडलेत, त्यांचे काय?

इंजिनवर पंप नको. तापलेल्या इंजिनवर गार पाण्याचा झोत आणि अल्टरनेटर, कनेक्टर, कंट्रोल युनिट यांत शिरलेले पाणी, दोन्ही महाग पडतात. गार झाल्यावर ओलसर फडके आणि ब्रश पुरे. रेडिएटरच्या नाजूक पात्याही झोताने वाकतात. बाहेरच्या रंगावरही नोझल हातभर लांब ठेवा. खडा लागून टवका उडालेल्या जागी झोत मारला तर रंग सोलत जातो.

पट्ट्यांवरचे डाग ऑल-पर्पज क्लीनर आणि मऊ टूथब्रशने निघतात. टेप लावली असती तर हे कामच उरले नसते.

प्रश्न (एक विद्यार्थी): मी डिटेलिंग, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश शिकतो आहे. माझ्या हातून गाडी खराब होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून काय पाळू?

आधी स्वतःकडे बघ. अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेव. पट्ट्याचे बक्कल आणि जीन्सची बटणे झाकणारा एप्रन घाल. दारावर वाकलास की पहिला ओरखडा तिथूनच येतो. मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागे टाक, बॉनेटवर लोळू देऊ नकोस.

पॅड गाडीला टेकवून मग मशीन सुरू कर, आणि थांबल्यावरच उचल. शिकताना ऑर्बिटल मशीनच वापर. ते फिरता फिरता हलते, त्यामुळे चूक झाली तरी नुकसान हळू होते, तुला थांबायला वेळ मिळतो. दर थोड्या वेळाने पॅनेलला हाताची पाठ लाव. हात ठेववत नसेल इतके तापले असेल तर दुसरीकडे जा. उन्हात काम घेऊ नकोस.

क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) जमिनीवर पडला तर धुऊन वापरायचा नाही, टाकून द्यायचा. महाग असला तरी. पडलेले मायक्रोफायबर त्या दिवशी रंगाला लावायचे नाही. चाकांची फडकी वेगळ्या रंगाची ठेव.

आत चकाकीचा स्प्रे स्टिअरिंगवर आणि पेडलवर कधीही मारू नकोस. तिथे हात-पाय घसरला तर रंगाचा प्रश्नच उरत नाही.

गाडी ताब्यात घेताना मालकाला सोबत घेऊन फिर, जुने ओरखडे दाखव, फोटो काढ. काम करताना एखाद्या कडेबद्दल शंका आली तर मशीन बंद करून त्यांना फोन लाव आणि इथला ओरखडा राहू देतो, रंग पातळ आहे, असे सरळ सांग.