व्यवहारात कोणाला, कशाचे आणि कधी पैसे मिळतात

मालमत्तेच्या पहिल्याच व्यवहारात उतरताय, तर सगळ्यांत आधी हे विचारा: यात कोणाला पैसे कशाचे मिळणार आणि कधी? दलालाचं सोपं असतं. किमतीवर ठरलेली टक्केवारी, तीही बहुधा व्यवहार पूर्ण झाल्यावर. कर्ज देणारा व्याज घेतो, तुम्हाला नफा होवो वा तोटा.

खरी गुंतागुंत भागीदारीत. एकाने भांडवल घातलं, दुसऱ्याने मालमत्ता शोधून, दुरुस्त करून विकली. ‘निम्मं-निम्मं’ ऐकायला छान वाटतं, मला मात्र ते अपुरं वाटतं. समजा भांडवल 100 होतं आणि वर्षाने सगळा खर्च वजा जाता हातात 130 आले. म्हणजे नफा 30; सरळ वाटणीत दोघांना 15-15. पण भांडवलावर आधी 8 टक्के परतावा ठरला असेल, तर 8 बाजूला काढून उरलेले 22 वाटायचे. म्हणजे भांडवलवाल्याला 19, कष्ट करणाऱ्याला 11. केवढा फरक!

आणि तोटा झाला तर कोणाच्या खिशातून? लोक संकोचतात, तुम्ही विचाराच. कष्ट करणाऱ्याचा मेहनताना खर्चात धरायचा की त्याच्या वाट्यातून वळता करायचा, हेही पैसे देण्याआधी करारात लिहून घ्या. नुसती ओळख करून दिल्याचं कमिशन कोणी मागितलं, तर आधी वकिलाला गाठा. बऱ्याच ठिकाणी परवान्याशिवाय ते घेता येत नाही.