नाव खोडलं, तरी माणूस ओळखू येतो

प्रश्न : मी अंधेरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. एका हॉस्पिटलसाठी केसपेपर आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. नवीन व्हर्जन तपासायला सरांनी हॉस्पिटलच्या डेटाचा बॅकअप माझ्या लॅपटॉपवर टाकून दिला. नावांचा कॉलम तेवढा काढला होता. वय, पिनकोड, मोबाइल नंबर, निदान, डॉक्टरांचे शेरे सगळं तसंच आहे. काम करताना एक नोंद दिसली : ४०००१२, वय ५८, टीबीचे उपचार, आणि शेऱ्यात 'मुलगा बेस्टमध्ये कंडक्टर, चाळीत तिसऱ्या मजल्यावर'. लालबागला आमच्याच चाळीतल्या काकू त्या. त्यांनी हे कुणालाच सांगितलेलं नाही. सर म्हणतात, नावं काढलीत ना, मग प्रश्न कुठे येतो? शिवाय नवा कायदा अजून लागू व्हायचाय. माझ्यावर काही येईल का? आणि मी आता काय करू?

उत्तर : तुमच्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. नाव नसताना तुम्ही काकूंना ओळखलंत. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो, ती कायद्याच्या नजरेत त्याची वैयक्तिक माहितीच राहते, मग नावाचा कॉलम असो वा नसो. नावाइतकाच धोका पिनकोड, वय आणि शेरा एकत्र येण्यात असतो. मोबाइल नंबर तर सरळ दारावरची पाटी आहे.

'नवा कायदा लागू व्हायचाय' हे अर्धंच खरं आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत मिळाली. पण त्या मुदतीत रान मोकळं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ए आणि २०११ चे नियम नवी व्यवस्था लागू होईपर्यंत आहेतच. त्या नियमांत वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' म्हणून मोडतात आणि माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, असं बंधन आहे. काकूंनी केसपेपर काढला तो खोकल्यावर औषध मिळावं म्हणून, तुमच्या बिलिंगचं बटण चालतं का हे पाहायला नव्हे. नव्या कायद्यातही संमती ठरावीक कारणापुरतीच आहे आणि सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तो हॉस्पिटलवर येईल. हॉस्पिटल मग करारावर बोट ठेवून तुमच्या कंपनीच्या मागे लागेल. संशोधनासाठी त्या कायद्यात सवलत आहे, पण टेस्टिंग म्हणजे संशोधन नव्हे.

बॅकअपमध्ये आणखी काय आहे, हे मला जास्त सतावतं. एचआयव्हीच्या नोंदी असतील तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि रुग्णाची माहिती ठेवणाऱ्या संस्थेने ती जपण्याची व्यवस्था करणं त्यात बंधनकारक आहे. मानसिक आजाराच्या उपचारांची गुप्तता हा २०१७ च्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे सगळं तुमच्या लॅपटॉपमध्ये असू शकतं, आणि तो लॅपटॉप रोज चर्चगेट लोकलने जात-येत असेल तर मला झोप लागणार नाही.

आता तुमच्याबद्दल. साहेबांनी दिलेलं काम केलं म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२ए मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण ते लागतं कामात हाती आलेली माहिती, कुणाचं नुकसान होईल हे ठाऊक असूनही संमतीविना किंवा कराराविरुद्ध दुसऱ्याला उघड करणाऱ्याला. म्हणून घरी आईलाही सांगू नका. काकूंकडे जाऊन 'मला कळलंय, काळजी घ्या' असंही म्हणू नका. हेतू चांगला असला तरी त्यांना धक्काच बसेल. पुरावा म्हणून नोंदीचा स्क्रीनशॉट काढू नका. तो आणखी एक प्रत होतो. बॅकअप स्वतःच्या मनाने पुसूही नका, उद्या तोच आरोप तुमच्यावर यायचा.

आजच सरांना मेल लिहा, नोंदीतला तपशील न देता : 'दिलेल्या डेटात रुग्ण ओळखता येतात. मी त्यावरचं काम थांबवलं आहे. प्रत कशी नष्ट करायची ते लेखी कळवा, आणि टेस्टिंगसाठी बनावट डेटा द्या.' चार ओळी पुरेत. हीच तुमची ढाल.

बनावट डेटावर काम होत नाही, असं सर म्हणतील. होतं. सिंथिया नावाचं मोफत साधन काल्पनिक रुग्ण आजारपणासकट तयार करतं. नावं-पत्ते आपल्याकडचे घालावे लागतील एवढंच. खऱ्या नोंदींशिवाय एखादी चूक सापडतच नसेल, तर हॉस्पिटलने स्वतःच्या आवारात त्या बदलून द्याव्यात : मोबाइल नंबर खोटे, पिनकोडऐवजी फक्त 'मुंबई', वयाचे गट, शेरे पूर्ण काढलेले. तारखा प्रत्येक रुग्णासाठी सारख्याच दिवसांनी मागेपुढे सरकवल्या की दोन भेटींमधलं अंतर तेच राहतं आणि टेस्टिंग अडत नाही. बदललेली कोणती नोंद मुळात कुणाची, हे जुळवणारी यादी हॉस्पिटलबाहेर जाता कामा नये. सोनोग्राफीच्या चित्रांवर नाव छापलेलं असतं, तिकडे सगळे विसरतात.

नंबरांचं मी आग्रहाने सांगते, कारण एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं. टेस्टिंगच्या सर्व्हरवरून खरे एसएमएस गेले : 'उद्या अकरा वाजता तपासणीला या.' त्यातला एक मेसेज ज्याच्या नंबरावर गेला तो गृहस्थ दोन महिन्यांपूर्वी वारला होता. फोन त्याच्या बायकोजवळ होता. ती दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हॉस्पिटलमध्ये जाऊन उभी राहिली, काही चूक झाली असेल आणि तो जिवंत असेल म्हणून. नुकसानभरपाईची नोटीस मी लिहिली, पण त्या सकाळची भरपाई कशात करायची हे मला लिहिता आलं नाही.

मेलला आठवड्यात उत्तर आलं नाही, तर कंपनीत तक्रार निवारणाचं काम ज्याच्याकडे आहे त्याला तोच मेल पुढे पाठवा. २०११ च्या नियमांनुसार असा अधिकारी नेमावाच लागतो. त्यानंतरही दबाव आला तर तुमचं नेमणूकपत्र आणि गुप्ततेचा करार घेऊन मला भेटा. नोंदी मात्र आणू नका, मलाही दाखवू नका.