इलियड वर्गात नेताना

प्रिय,

नववीच्या वर्गाला इलियडमधून, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ग्रीक महाकाव्यातून, वीरत्व शिकवायचं ठरवलंस, छान. अख्खं काव्य मात्र घेऊ नकोस. २४ सर्ग, १५ हजारांहून जास्त ओळी. सहा तासिकांत मावायच्या नाहीत. पहिला, सहावा, नववा, बाविसावा आणि चोविसावा सर्ग, तेही निवडक, पुरेत. अनुवाद ओळींचे क्रमांक दिलेला निवड, नाहीतर अर्धा तास पानं शोधण्यात जाईल. लाकडी घोडा आणि काव्याचा नायक, ग्रीक योद्धा अकिलीस याची टाच मुलं विचारणारच. दोन्ही इलियडमध्ये नाहीत, एवढं सांग आणि पुढे चल.

'वीर कोणाला म्हणावं?' असं फळ्यावर लिहून सुरुवात केलीस तर मुलं शूर, निःस्वार्थी, देशभक्त असे शब्द देतील आणि अकिलीस त्यात बसला नाही की त्याला नापास करून मोकळी होतील. त्यापेक्षा पहिल्या सर्गावर तक्ता करायला लाव: कोणाला काय मिळालं, कोणी काढून घेतलं, कोणासमोर. सगळी मेख शेवटच्या रकान्यात आहे. ब्रिसेइसला, म्हणजे अकिलीसला लुटीत मिळालेल्या बंदिनीला, घेऊन जाण्याची धमकी ग्रीकांचा सेनापती राजा अॅगमेम्नॉन भर सभेत देतो. ती काय वस्तू आहे का, असं कुणीतरी विचारेल, विचारायलाच हवं. १९व्या सर्गातला अकिलीसचा मेलेला मित्र पॅट्रोक्लस याच्यासाठीचा तिचा विलाप त्या वेळी हाताशी असू दे.

नवव्या सर्गाला दोन तासिका दे. रागावून लढाई सोडलेल्या अकिलीसला परत आणण्यासाठी अॅगमेम्नॉनने दिलेला देकार (ओळी ११५–१६१) आणि त्याचा दूत ओडिसियस याने अकिलीसला सांगितलेला निरोप (२२५–३०६) शेजारीशेजारी ठेव. सात तिपाया, दहा टॅलेंट (तेव्हाचं वजनाचं माप) सोनं, वीस कढया, बारा घोडे: यादी जवळपास शब्दशः तीच. फरक मुलांनाच शोधू दे. 'त्याने माझ्यापुढे नमावं, मी मोठा राजा आहे' हा राजाच्या बोलण्याचा शेवट ओडिसियस गाळतो. आणि अकिलीस उत्तराच्या सुरुवातीलाच म्हणतो, मनात एक नि ओठांवर दुसरं असणारा माणूस मला नरकाच्या दारासारखा नकोसा वाटतो. हे सापडलं की वर्ग आपोआप बोलू लागतो.

बाविसाव्यात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर अकिलीसपासून जीव वाचवायला तटाभोवती तीन फेऱ्या पळतो. 'भित्रा' असा शेरा यायच्या आत त्याचं स्वगत (९९–१३०) वाचून घे.

चोविसाव्यात शिक्षक हमखास घसरतात. हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, मुलाचं प्रेत मागायला येऊन आपल्या मुलांना मारणाऱ्या अकिलीसचे हात चुंबतो, दोघं रडतात, आणि तिथेच तास संपवला जातो. ५५९ ते ५८६ ओळी सोडू नकोस. अकिलीस म्हाताऱ्याला दरडावतो, मला डिवचू नकोस. हेक्टरचं प्रेतही त्याच्या नजरेआड धुवायला लावतो. ते पाहून बापाचा संताप उसळला तर आपल्याच हातून त्याचा जीव जाईल, ही धास्ती त्याला असते. दया आहे, पण रागावरचा लगाम अजून कच्चा आहे.

वेळ उरला तर होमरच्या दुसऱ्या महाकाव्याच्या, ओडिसीच्या, ११व्या सर्गातला मृत अकिलीस घे. मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा भूमिहीनाच्या घरी मजुरी बरी, असं तो म्हणतो (४८८–४९१). पण ५४०पर्यंत वाच: मुलगा रणात गाजला हे ऐकून तोच खुशीत, लांब ढांगा टाकत निघून जातो.