दोन कुत्र्यांना घेऊन फ्रान्सच्या खेड्यात राहायचं तर

ताई, यजमानांची नोकरी बोर्दोला पक्की झालीय, पण राहायचंय शेजारच्या दोर्दोन्य जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात आणि नाशिकची दोन्ही गावठी कुत्री सोबत न्यायचीत. ती तिथं रमतील का, असं तुम्ही विचारलंत. आम्ही पाच वर्षांपासून त्याच जिल्ह्यात, पेरिग्यो शहराजवळच्या एका खेड्यात भुऱ्या आणि सावी या पुण्याच्या जोडीला घेऊन राहतोय. कुत्री रमतात. पण भारतात ती अख्ख्या गल्लीची असतात, इथं ती फक्त तुमची असतात. हा फरक पचवायला मला वर्ष लागलं.

आधी कागदपत्रं, कारण वेळ तिथं जातो. पहिल्यांदा मायक्रोचिप, मगच रेबीजची लस. चिपआधी टोचलेली लस धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघानं मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, रेबीजविरोधी प्रतिपिंडांचा निकाल 0.5 IU/ml किंवा त्याहून जास्त हवा. रक्त काढल्या तारखेपासून पूर्ण तीन महिने थांबायचं. शेवटी सरकारी पशुवैद्यकाचा दाखला, आणि तो मिळाल्यापासून 10 दिवसांत युरोपात पोचायचं. सगळं नीट असेल तर इथं वेगळं कोंडून ठेवत नाहीत. पोचल्यावर पशुवैद्यकाकडून चिपची नोंद फ्रान्सच्या राष्ट्रीय यादीत करून घ्या.

घरमालक कुत्र्यांवरून अडवेल ही भीती सोडा. 1970 च्या कायद्यानुसार राहत्या घराच्या करारात पाळीव प्राण्यांना बंदीची अट चालत नाही. पिटबुलसारख्या ठरावीक जाती सोडून, पण आपल्या देशी कुत्र्यांना त्याची झळ नाही.

आता रोजचं. सकाळी दार उघडून दिलं की कुत्री फिरून येतात, हे विसरायचं. रस्त्यावर एकटं कुत्रं दिसलं की कुणीतरी ग्रामपंचायतीला, म्हणजे इथल्या मेरीला, फोन करतं आणि ते कोंडवाड्यात जातं. मोकाट कुत्री इथं नाहीतच. पहिले काही महिने सावी फाटकाशी बसून वाट बघायची. रात्री लांबून एखादं कुत्रं भुंकलं की दोघंही कान टवकारायची. मला फार वाईट वाटायचं. म्हणून सांगते, घर घेताना खोल्या नंतर मोजा, आधी कुंपण बघा, खालून उकरता येतं का ते तर नक्कीच.

आम्ही ते बघितलं नव्हतं. भुऱ्यानं शेजारच्या आजोबांची कोंबडी मारली. मी पैसे घेऊन गेले, त्यांनी मुकाट्यानं घेतले. दुसऱ्या दिवशी तारेचं भेंडोळं घेऊन आले आणि भोक कुठं आहे ते दाखवून स्वतःच बुजवलं. आमची ओळख तिथून झाली. कुत्र्यानं केलेलं नुकसान घराच्या विम्यातून सहसा भरून मिळतं, पण विमा काढताना दोन कुत्री आहेत हे सांगून ठेवा.

वर्ष ठरतं ते शिकारीवर. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर रानात बंदुका असतात, रानडुकरांसाठी त्याबाहेरही. हाका, म्हणजे रान उठवून जनावर बाहेर काढणं, चालू असला की वाटेवर फलक लावतात. तो दिसला की मागं फिरायचं. कुत्र्यांना आणि स्वतःलाही नारिंगी जाकीट घाला, साखळी सोडू नका. 15 एप्रिल ते 30 जून या काळातही जंगलात वाट सोडून मोकळं कुत्रं चालत नाही, रानातल्या प्राण्यांच्या पिल्लांचा हंगाम असतो. आवाजाची भीती असेल तर शिकारीचे दिवस आधी मेरीत विचारून घ्या.

सगळ्यात जपायचं ते पाइनच्या झाडाखाली. हिवाळा संपता संपता सुरवंट एकामागोमाग रांग लावून जमिनीवर उतरतात. त्यांच्या केसांत विष असतं. कुत्र्यानं नुसतं चाटलं तरी जीभ सुजते, काळी पडते. तसं झालं तर तोंड भरपूर पाण्यानं धुवा, चोळू नका, आणि थेट डॉक्टरकडे. उन्हाळ्यात कुसळं पंजात, कानात शिरतात. रोज संध्याकाळी बोटं उलगडून बघायची. गोचीड तापही इथं आहे, औषध चुकवू नका. आमचा पशुवैद्यक 14 किलोमीटरवर आहे, त्यामुळे गाडी चालवता येणं ही खरी गरज आहे.

एकटेपणाचं विचारलंत. भाषा येत नसताना मला गावात कुत्र्यांनीच ओळख दिली. शनिवारच्या बाजारात लोक आधी सावीशी बोलतात, मग माझ्याशी. बऱ्याच हॉटेलांत कुत्री टेबलाखाली बसलेली चालतात, पाण्याचं भांडं न मागता येतं. भारतात जाताना मात्र त्यांना कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवावं लागतं, दोघांचा खर्च जड जातो. आत्या, मावशी, वॉचमन यांपैकी इथं कुणी नाही.

शेवटचं, शिकार सुरू होते म्हणून सप्टेंबरात येऊ नका. एप्रिलअखेर या, बंदुका सुरू व्हायच्या आत कुत्र्यांना वाटा, वास, माणसं कळायला उन्हाळा हाती मिळेल. त्यासाठी चिप आणि लस नोव्हेंबरातच व्हायला हवी.