आजोबांच्या ट्रंकेतले चार बिल्ले

फोटो नीट झूम करून पाहिले. तुमचे आजोबा मराठा पलटणीत होते, ट्रंकेत चार बिल्ले निघाले, ही शौर्यपदकं आहेत का असं तुम्ही विचारलंय, आणि वर एकाने लिहिलंय की ही तर सगळ्यांनाच वाटली, विकून टाका. आधी सरळ उत्तर देतो, ही शौर्यपदकं नाहीत. ती वेगळी, व्हिक्टोरिया क्रॉस, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, आयडीएसएम (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) वगैरे. पण "सगळ्यांना वाटली" हे मला पटत नाही, आणि का ते जरा सविस्तर लिहितो.

त्यातलं गोल पांढरट मेडल, ज्यावर सिंह दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा आहे, ते दुसऱ्या महायुद्धाचं वॉर मेडल. ते खरंच २८ दिवसांच्या नोकरीवर मिळायचं. पण बाकी तीन सहा टोकांचे स्टार आहेत ना, ते घरी बसून मिळत नव्हते, त्या त्या मुलखात जावं लागायचं. पहिला १९३९-४५ स्टार. दुसरा आफ्रिका स्टार, त्याची फिकट वाळूच्या रंगाची रिबन म्हणजे वाळवंट. हा १० जून १९४० ते १२ मे १९४३ मधल्या लढाईचा, आणि लोकांना वाटतं फक्त लिबिया-इजिप्त, पण इरिट्रियातलं केरेनसुद्धा यातच येतं, जिथे १९४१ साली मराठा पलटणी उभ्या डोंगरावर चढून लढल्या. तिसरा इटली स्टार, लाल पांढरा हिरवा, म्हणजे इटलीच्या झेंड्याचेच रंग. म्हणजे बघा, साताऱ्याचा माणूस आफ्रिकेत गेला आणि तिथून पुढे इटलीत, हे कुठल्याही कागदाशिवाय त्या तीन फितींवरून कळतंय!

आणि इटली काय होती ते सांगतो. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनची, म्हणजे छोट्या तुकडीची, सगळी माणसं पडली, हे एकटे धावून गेले, मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हणून टॉमीगन उलटी धरून दोघांना मारलं आणि मग स्नायपरच्या गोळीने गेले. त्यांची कबर नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे, आणि तिथल्याच माँटोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सनडायल, म्हणजे सूर्यघड्याळ, उभं राहिलं. शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्याच सेनियो नदीच्या पाण्यातून आणि सुरुंगांतून दोन जखमींना खांद्यावर घेऊन आले, मग शत्रूची मशीनगन ठाणी मोडून काढली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्याच मातीत तुमचे आजोबा होते, हे तो स्टार सांगतोय.

"इंग्रजांसाठी का लढले" हे इथे दरवेळी येतंच. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हिंदी फौजेत पंचवीस लाख माणसं होती आणि सक्तीची भरती नव्हती. कोणी दुष्काळामुळे, कोणी पगार घरी जाईल म्हणून, कोणी बाप-आजा पलटणीत होता म्हणून. मला त्यात लाज वाटावं असं काही दिसत नाही.

विकू नका हे मात्र कळकळीने सांगतो. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होते, त्या वेळचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असायचं, आमच्या घरच्यांनी अडचणीच्या वर्षी ते सोनाराकडे मोडीत घातलं. सोबतचं कांस्याचं व्हिक्टरी मेडल भाव नाही म्हणून वाचलं आणि त्याच्याच कडेवर त्यांचा नंबर, नाव, पलटण कोरलेली सापडली. ते नसतं तर पणजोबा कुठल्या पलटणीत होते हेही आम्हाला कळलं नसतं.

तेव्हा ब्रासो, चिंच, काही लावू नका, नुसत्या कोरड्या मऊ फडक्याने पुसा. कडेवर आणि स्टारच्या मागे भिंग लावून बघा, ब्रिटिश शिपायांचे दुसऱ्या महायुद्धातले बिल्ले कोरे यायचे पण आपल्याकडच्यांवर नाव-नंबर मिळू शकतो. ट्रंकेत डिस्चार्ज बुक (नोकरी सुटल्यावर मिळणारं नोंदींचं पुस्तक) असेल तर सोनं समजा. नंबर मिळाला की बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला साधं पत्र लिहा, आणि पत्ता-कागद जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आधी त्या कडेचा एक जवळून फोटो टाका, अक्षरं पुसट असली तरी चालेल, वाचायला मी मदत करतो.